कन्सोल

मार्च संपताना मोसमाचं शेपूट उरलेलं.
पाटणबोरीच्या अलीकडच्या जिनिंगात
काट्यावर तीन मेटॅडोर कापूस, आणि वजन
बिलापर्यंत पोचत नाही म्हणून
मुनीमजी दुपट्ट्यानं वारा घेत बसलेले.
नागपूरहून निदान आलं होतं: यंत्र मेलं, बदला.
मी नवं यंत्र मांडीवर घेऊन एस्टीनं आले,
लेकरू आणावं तसं, अर्धं तिकीट न काढता.

रॅक म्हणजे भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट.
त्यात अडीच बोटं उंचीचं ते, तोंडावर भोकांची रांग,
भोकांखाली बॉलपेननं लिहिलेल्या पट्ट्या:
बाहेर. काटा. हापिस. क्यामेरे.
सहाव्याखाली, उंदीर, लावू नये.
दोन भोकांत कारखान्यातली रबरी बुचं तशीच.
आणि एक भोक जोडीदारासाठी.
यंत्रं दोन असावीत, एकाचा ठोका चुकला
की दुसऱ्यानं उठून उभं राहावं, अशी ती सोय.
दुसरं कधी विकतच घेतलं नाही.
त्याखाली पट्टी नव्हती.

आधी ब्राउझरमधून गेले, पान उघडेना.
मग कारभाराचं वेगळं पोर्ट,
ज्यातून माल जात नाही, फक्त हुकूम जातात.
चार हाका मारल्या. चारही वाया.

उरलं कन्सोल.
हे दार रस्त्याकडे उघडत नाही.
नागपूरच्या साहेबाशी ते बोलत नाही,
इथं, ह्या फरशीवर, मांडी घालून
जो बसेल त्याच्याशीच बोलतं.
निळी चपटी वायर, वेग शहाण्णवशे,
म्हणजे अक्षरं येताना दिसतात.
एन्टर. काही नाही. पुन्हा एन्टर.
काळ्या पडद्यावर ओळ उतरली:
तापमान चौऱ्याण्णव. पंखा शून्य. पोर्ट बंद केले आहेत.

मेलं नव्हतं.
जीव वाचवायला दारं लावून बसलं होतं.

घड्याळाचा सेल संपलेला, त्यामुळे त्याच्या वहीत
रोज एक जानेवारी, साल दोन हजार.
पासवर्ड झाकणाच्या आत लिहिलेला होता.
एकेका पोर्टची माहिती उघडत गेले.
कुणी धोपटे, दोन वर्षांमागं सोडून गेलेला,
इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत लिहून गेलेला:
काट्याची वायर ओढू नये, सैल आहे.
क्यामेरा तीन आंधळा.
आणि पंख्यापुढे: पंचफुलाला विचारा.

पंचफुला कोण, मी विचारलं.
मुनीमजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

पंचफुला आत्राम दारातच उभी होती, खराटा घेऊन.
"कवाची सांगून रायली मी, पंख्यात रुई हाय.
आयकते कोण?
धोपटेभाऊनं शिकवलं होतं मले. दर अमुशाले
चार इस्क्रू काढाचे, आन् दाताच्या बुरशानं झाडाचं.
नव्या मुनीमजीनं चावीच काढून घेतली.
म्हने झाडूवालीचं काय काम मशीनशी."

मुनीमजींनी करदोट्यातून चावी सोडवली.
तिनं चार स्क्रू पदरात बांधले,
पंख्याच्या पात्यांमागून चिमूट चिमूट रुई काढली,
काळी, चिकट, दोन वर्षांची.
आतली पांढरी निघाली तेवढी तिनं
न बघता मांडीवर वळली. वात झाली.
मग बटण दाबून दहा मोजले, तिच्या भाषेत,
मला फक्त शेवटचा आकडा कळला,
कारण तेव्हा पंखा फिरला.

एक दिवा नारिंगी, मग हिरवा. मग सगळी रांग.
बाहेर काट्यावर कुणी ओरडलं, अडतीस चाळीस!
मेटॅडोर हलला.

उठण्याआधी जोडीदाराच्या रिकाम्या पोर्टला
मी नाव दिलं: पंचफुला आत्राम. चावी हिच्याकडे असावी.
सेव्ह केलं. न करता उठलं तर
पुढची लाइट जाईल तेव्हा सगळं पुसलं जातं.

नवं यंत्र पुन्हा मांडीवर. एस्टी साडेचारची.
लिहिलं तर आहे.
निघताना पाहिलं, चावी
करदोट्यात परत गेली होती.